मुंबई खायची तर स्लो लोकलने

परभणीहून मुंबईला आलो तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये 'मुंबईत खाल्लंच पाहिजे' अशा पन्नास जागांची यादी होती. पहिल्या तीन महिन्यांत त्यातल्या चार झाल्या. दोन ठिकाणी पोचलो तर ज्यासाठी गेलो होतो तेच संपलेलं, तिसऱ्या ठिकाणी आठवड्याची सुट्टी. यादी चांगलीच होती, पण किती वाजता जायचं आणि कुठल्या स्टेशनला उतरायचं हे तिच्यात नव्हतं. मुंबईत खाणं या दोन गोष्टींवर चालतं.

त्यातही एक गंमत बघा. माटुंगा, सँडहर्स्ट रोड, मशीद, ग्रँट रोड, चर्नी रोड, मरीन लाइन्स. खाणाऱ्या माणसाला ही नावं पाठ असतात आणि यातल्या एकाही स्टेशनला फास्ट लोकल थांबत नाही. मी डोंबिवलीत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेपुरत्या भाड्यावर राहायचो, नोकरी फोर्टात. वर्षभर रोज फास्टने माटुंग्यावरून सुसाट जात होतो. म्हणून नव्याने येणाऱ्याला माझा पहिला सल्ला हा, की सुट्टीच्या दिवशी दादरला उतरा आणि स्लो पकडा. पण त्याआधी रोजच्या जेवणाचं बघा.

आधी रोजचं जेवण मार्गी लावा

कॉट बेसिसवर गॅस वापरू देत नाहीत, त्यामुळे डबा, खानावळ आणि पोळी-भाजी केंद्र एवढेच मार्ग उरतात. डब्यासाठी महिन्याचे पैसे एकदम देऊ नका. आधी आठवडाभर लावून बघा, कारण पहिल्या दिवशीची भाजी सगळेच जीव लावून करतात. खरी परीक्षा गुरुवारी होते, जेव्हा सोमवारचीच कोबी परत येते. पैसे देण्याआधी 'खाडा कापता का?' हे नक्की विचारा. म्हणजे तुम्ही गावी गेलात तर त्या दिवसांचे पैसे वळते होतात की नाही. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात, काही ठिकाणी सलग तीन दिवसांचा असेल तरच. रविवारी रात्री बहुतेक खानावळी बंद असतात, ती सोय वेगळी करावी लागते.

माझा स्वतःचा कौल पोळी-भाजी केंद्राला. डोंबिवली, ठाणे, दादर, विलेपार्ले, जिथे जिथे मराठी नोकरदार घरं आहेत तिथे स्टेशनच्या वाटेवर ही केंद्रं असतात. पोळ्या नगावर, भाजी मापावर, वरण-भात वेगळा. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ. आठ वाजता गेलात तर पोळ्या संपलेल्या असतात आणि उरतो तो काउंटरवरच्या काकूंचा सहानुभूतीचा चेहरा. घरून डबा घेऊन जा, भाजी जरा सढळ हाताने पडते. 'आज सुकी काय आहे?' असं विचारायचं. पातळ भाजी लोकलमधून नेऊ नका. का, ते एकदा नेलीत की कळेल. संकष्टीला तिथे उकडीचे मोदक मिळतात, पण नावं दोन दिवस आधी लिहून घेतात.

ऑफिसात जेवायचं असेल आणि डबा शहरातल्याच एखाद्या घरातून किंवा खानावळीतून येत असेल तर डबेवाले आहेतच. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेलं हे काम. सकाळी डबा उचलतात, झाकणावरच्या खुणांवरून गाडी आणि इमारत ओळखतात, एकच्या आत टेबलाशी आणून ठेवतात आणि रिकामा डबा परत घरी पोचवतात. डबा उचलायला माणूस येतो तेव्हा तो भरून तयार हवा. त्याला पुढची लोकल गाठायची असते, तो तुमच्या फोडणीसाठी थांबत नाही.

आणि भाकरी. मराठवाडा, सोलापूर, खानदेश इकडून येणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. मुंबईच्या खानावळीत नुसती 'भाकरी' म्हटलं की तांदळाची येते. पांढरीशुभ्र, मऊ, चांगलीच असते, पण ठेच्याची आठवण काढत बसलेल्या माणसाला ती भाकरी वाटत नाही. 'ज्वारीची आहे का?' असं नाव घेऊन विचारायचं. १९९५ साली शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर ही योजना आणली होती. त्या नावाचे स्टॉल अजून कुठे कुठे दिसतात, आत मात्र मसाला डोसा आणि चायनीज असतं. पाटीवर विसंबू नका.

सकाळ इराण्याकडे

इराणमधून, विशेषतः यझ्दच्या बाजूने आलेल्या लोकांनी ही इराणी हॉटेलं काढली. ती बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असतात. कोपऱ्याची जागा अशुभ मानून आपले लोक घेत नसत, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. आता थोडीच उरलीत. नवख्याने मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावावरच्या कयानी अँड कंपनीपासून सुरुवात करावी, हे १९०४ सालचं. (पुण्याची कयानी बेकरी वेगळी. श्रूजबेरी बिस्किटं इथे मागू नका, गल्ल्यावरचा माणूस हसत नाही.)

काय मागायचं? बन मस्का की ब्रून मस्का, हा पहिला प्रश्न. बन मऊ आणि गोडसर. ब्रून म्हणजे कडक पाव, वरून खडखडीत, आत मऊ, मधे लोण्याचा थर. मी पहिल्यांदा ब्रून सरळ चावला आणि टाळू सोलवटून घेतली. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला, स्वतःचा तुकडा चहात बुडवला, मनात तीन आकडे मोजल्यासारखा थांबून तोंडात टाकला आणि पेपर परत वर केला. एक शब्दही बोलले नाहीत. ब्रून तसा खायचा. चहा 'पानी कम' सांगितला तर दाट येतो. जास्त भूक असेल तर खिमा-पाव किंवा अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची ओलसर अंडाभुर्जी. काही ठिकाणी न मागता केक-खारीची बशी टेबलावर येते. ती फुकट नाही आणि सक्तीचीही नाही, जेवढं खाल तेवढ्याचे पैसे.

मावा केकसाठी मात्र ग्रँट रोड. स्टेशनच्या बाहेरच बी. मेरवान आहे, १९१४ पासून. इथे सकाळी लवकर जायचं म्हणजे खरोखर लवकर. नाश्त्याच्या वेळेला आरामात आलात तर रिकामे ट्रे बघायला मिळतात. रात्रपाळी करून परतणाऱ्यांचा हा एक फायदा आहे, तेवढाच.

माटुंगा: रांग, टोकन आणि समोरचा अनोळखी माणूस

मध्य रेल्वेचं माटुंगा, पूर्व बाजू. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड हे वेगळं स्टेशन आहे, तिथे उतरलात तर बरंच चालावं लागतं. पूर्वेला दक्षिणेकडची मंडळी कित्येक पिढ्या राहतात, त्यामुळे इथलं उडपी हॉटेल हे आपल्या गावच्या बसस्टँडवरच्या 'उडपी'पेक्षा वेगळंच प्रकरण आहे.

स्टेशनजवळ रामाश्रय, १९३९ चं. पहाटेपासून उघडं. तिथे फळ्यावर आजचं काय ते लिहिलेलं असतं, आधी तो वाचा. अननसाचा शिरा असला तर घ्याच. किंग्ज सर्कलच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की कॅफे मद्रास, १९४० चं. तिथे रसम वडा आणि नाचणीचा डोसा. शनिवार-रविवारी बाहेर घोळका असतो. त्यात रांग दिसत नाही, पण ती असते, दाराशी उभ्या माणसाच्या वहीत. आल्या आल्या त्याच्याकडे नाव आणि किती जण ते सांगा. मी पहिल्यांदा नाव न देता पाऊण तास नुसता उभा होतो.

एकटे असाल तर लवकर नंबर लागतो, कारण तुम्हाला कुणाच्याही टेबलावर बसवतात. गावाकडच्या माणसाला इथे अवघडल्यासारखं होतं. अवघडू नका. समोरच्याकडे बघून किंचित मान हलवायची, आपली बशी आपल्या अर्ध्यात ठेवायची, चटणीची वाटी चुकूनही मधोमध ठेवायची नाही. त्याने मागवलेलं काय आहे हे विचारायला हरकत नाही. माटुंग्यात मी निम्मे पदार्थ असेच शिकलो. खाऊन झालं की उठायचं. फिल्टर कॉफीवर गप्पा मारत बसण्याची ही जागा नाही, मागे वीस माणसं तुमच्या पेल्याकडे बघत उभी असतात.

इडली-सांबार दोन तऱ्हेने मिळतं, 'डीप' म्हणजे इडली सांबारात बुडवलेली, नाहीतर सांबार वेगळं. सांबारात गूळ असतो, तो चुकून पडलेला नाही. पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल, तिसऱ्या खेपेला आवडायला लागेल.

दुपारी भूक सणकून असेल तर स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. आधी टोकन घ्यायचं, मग केळीच्या पानावर जेवण. वाढपी परत परत येतो, नको असेल तर तोंडाने सांगत बसू नका, पानावर हात आडवा धरा. पानात टाकलेलं तिथे चालत नाही, भात कमीच घ्या. सोमवारी माटुंग्यात बऱ्याच जागा बंद असतात, निघण्याआधी बघून घ्या.

मासे: काट्यांच्या चढत्या क्रमाने

देशावरच्या माणसाला मासा म्हणजे रोहू-कटला. समुद्राचा मासा शिकावा लागतो आणि तो एका दिवसात शिकून होत नाही. माझ्या मते क्रम असा. पहिली सुरमई, कारण मधे एकच काटा, चूक व्हायला जागाच नाही. मग पापलेट, तेही सोपं, पण खिशाला कठीण. नंतर बांगडा. हा खरा चवीचा मासा, स्वस्त, तेलकट, उग्र, काटे बऱ्यापैकी. बोटांनीच खायचा, चमच्याला दाद देत नाही. मग मांदेली, बोटाएवढी, कुरकुरीत तळलेली, काट्यासकट. आणि शेवटी बोंबील.

बोंबलात अंगचं पाणी फार. म्हणून साफ करून, मधे चिरून, वजनाखाली दाबून ते पाणी काढतात आणि मगच रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. नीट जमलेला बोंबील बाहेरून पापडासारखा मोडतो आणि आत लोण्यासारखा असतो, पण पाचच मिनिटं. फोटो काढत बसलात की तो मऊ पडलाच. बोंबील ताटासोबत मागवू नका. आधी मागवा, खाऊन टाका, मग ताट.

जायचं कुठे? वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक, दादरला सिंधुदुर्ग किंवा चैतन्य. दादर-गिरगाव-परळ भागात छोट्या मालवणी खानावळी पुष्कळ आहेत. दुपारी साडेबाराला जा. रविवारी दीडनंतर गेलात तर फळ्यावरची नावं एकेक करून पुसली जाताना बघावी लागतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे गर्दीचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवारी पुष्कळ घरांत मासे-मटण नसतं, तेव्हा जागा पटकन मिळते. काही खानावळी नेमक्या त्यातल्याच एखाद्या वारी बंद असतात, ते ध्यानात ठेवा.

आता पैशाची गोष्ट. मेनूकार्डावर पापलेटसमोर किंमत नसते, 'एपीएस' लिहिलेलं असतं. मला वाटलं तो मसाल्याचा प्रकार असेल. 'एपीएस में दो,' असं मी ऐटीत सांगितलंही. ॲज पर साइज, म्हणजे आकारानुसार भाव, हे बिल आल्यावर कळलं. तो महिना मी पोळी-भाजी केंद्राच्या सुक्या बटाट्यावर काढला. तेव्हा 'मासा दाखवा आणि भाव सांगा' हे आधी म्हणायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, मालवणी माणूससुद्धा हेच करतो, फक्त जास्त मोठ्याने.

सोलकढी म्हणजे कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध. थोडी भातावर घ्या, उरलेली शेवटी प्या. हिला ताक समजून जेवणाआधीच संपवणारे आम्हीच.

एक जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासळीचा विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. त्या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. ती मोडली की भुगा होतो, ताजीचे पदर सुटतात. त्या काळात सुकट, जवळा, सुका बोंबील, तिसऱ्या (शिंपल्या) असं खावं. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला कोळीवाडे गजबजतात आणि बाजारात ताजी मासळी दिसायला लागते. पहिले आठ दिवस भाव चढे असतात, तेवढं थांबा.

उभ्याने खायच्या गोष्टी

वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला, असं मानलं जातं. कुठला सर्वांत चांगला, या वादात नवख्याने पडू नये. प्रत्येक मुंबईकराला आपल्या शाळेबाहेरचा चांगला वाटतो. तुम्ही फक्त कढई बघा. ढीग रचून ठेवलेला असेल तर पुढे चला. घाणा निघत असेल आणि लोक पैसे हातात धरून उभे असतील तर थांबा. 'सुकी चटणी जास्त' आणि 'थोडा चुरा टाका' या दोन वाक्यांवर इथे आयुष्य निघतं. चुरा म्हणजे कढईत सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण. सीएसएमटीसमोरच्या 'आराम' हॉटेलात बसून खाता येतो, पण वडापाव बसून खाल्ला की निम्मी चव जाते, असं माझं मत आहे.

चहा 'कटिंग', म्हणजे अर्धा, मागायचा. सँडविचवाल्याकडे बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी असा ऐवज असतो. शेवटी राहिलेल्या तुकड्यावर तो शेव आणि चटणी घालून देतो, ती न घेता निघालात तर तोच हाक मारून बोलावतो. पाणीपुरीत गरम रगडा असतो, थंड मूग-बटाट्याची सवय असणाऱ्यांनी दचकू नये. पावसाळ्यात गाडीवरची पाणीपुरी मी खात नाही. बाकी तुमचं पोट, तुमचा निर्णय.

रात्री भेंडीबाजार

सँडहर्स्ट रोड किंवा मशीदला उतरायचं, परत स्लो. भेंडीबाजारातल्या नूर मोहम्मदीत (१९२३) नल्ली निहारी आणि खमिरी रोटी. निहारी मंद आचेवर तासन् तास शिजते, तिच्यावर लिंबू आणि आलं घ्या, नाहीतर जड पडते. चौघांनी मिळून जा आणि प्रत्येकाने वेगळं मागवा. एकट्याने गेलं तर एकाच पदार्थात पोट भरतं आणि बाकीचे शेजारच्या टेबलावर बघावे लागतात.

रमजानात मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीजवळची गल्ली रात्रभर जागी असते. सीख कबाब, बैदा रोटी, कढईएवढे मालपुवे, मातीच्या शिकोऱ्यात फिरनी. संध्याकाळी उजेडात पोचलात तर जरा दम धरा. विकणारे आणि आजूबाजूचे दिवसभर उपाशी असतात, त्यांचा रोजा सुटू द्या, मग मागा. नऊनंतर गर्दी वाढते, शेवटच्या आठवड्यात ईदच्या खरेदीची भर पडते, म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातला मधला वार बरा. मालपुवा एक घेऊन तिघांत वाटा. पूर्ण एकट्याने खाणारा एक रूममेट माझ्या माहितीचा आहे, तो दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही. शेवटची लोकल चुकली तर पहाटे चारच्या आसपासपर्यंत स्टेशनवर बसावं लागतं, तेव्हा परतीची गाडी आधी बघून ठेवा.

जरा चकचकीत हॉटेलात गेलात तर बसताक्षणी 'बिसलेरी?' असं विचारतात. 'साधं' म्हणा. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. तो सक्तीने लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. वेटरच्या हातात वेगळं काय ठेवायचं ते ठेवा.

गावी नेताना

दिवाळीला घरी निघालात की 'मुंबईहून काय आणलं?' हे ठरलेलंच. मावा केक जाण्याच्या दिवशी सकाळी घ्या, खोक्यात ठेवा, बॅगेत सगळ्यांत वर. खारी नेऊ नका, परभणीला पोचेपर्यंत तिचा भुगा होतो आणि आई तो चहात घालून 'चांगला आहे की' म्हणते, म्हणजे आवडलेला नसतो.

सुका बोंबील किंवा सुकट न्यायची असेल तर वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि तो डबा परत पिशवीत. मी पहिल्या वर्षी नुसत्या पिशवीत घालून देवगिरी एक्सप्रेसने निघालो होतो. कल्याणपर्यंत कुणी काही बोललं नाही. इगतपुरीच्या पुढे खालच्या बर्थवरच्या आजींनी नाकाला पदर लावला आणि मनमाड येईपर्यंत अख्ख्या डब्यात 'उंदीर मेलाय का बघा' अशी शोधाशोध सुरू झाली. मीही उठून सगळ्यांबरोबर सीटखाली वाकून बघत होतो.